उंबऱ्यात अडलेलं पाऊल

प्रश्न : माझ्या सासऱ्यांना चार वर्षांपासून पार्किन्सन्स आहे. देवळाच्या चिऱ्याच्या पायऱ्या ते चढतात, भजनात टाळही धरतात. पण ओटीवरून माजघरात येताना उंबऱ्यापाशी पाय खिळतात. दीर म्हणतात, नाटक करतात. मी हात धरून ओढते, तर त्यांचा तोल जातो. काय करू?
– एक सून, गुहागर

उत्तर : नाटक नाही हो, अजिबात नाही. दिरांना हे मामंजींच्या समोरच सांगा. या वयात घरच्यांनी खोटं पाडणं माणसाला फार लागतं.

पायऱ्या जमतात आणि सपाट जमिनीवर अडतं, हे या दुखण्यात पुष्कळांचं होतं. आपण एकेका पावलाचा विचार करून चालत नाही. मेंदूतली खोलवरची केंद्रं ते काम परस्पर उरकतात. त्यांना डोपामिन नावाचं रसायन लागतं, आणि ते बनवणाऱ्या पेशीच पार्किन्सन्समध्ये मरत जातात. मग चालण्याचा भार मेंदूच्या पुढच्या, विचार करणाऱ्या भागावर येतो. त्यात दाराची चौकट, वळण, घाई किंवा मागून कुणाची हाक, एवढंही पाय अडायला पुरतं. पायरी मात्र डोळ्यांना दिसते. पाय कुठे टाकायचा ते तीच सांगते, आणि मेंदूला दुसरी वाट सापडते.

ती वाट घरात करून द्या. उंबऱ्याच्या अलीकडे-पलीकडे, एकेका पावलाच्या अंतरावर, ठळक रंगाच्या आडव्या चिकटपट्ट्या लावा. कडा उचलल्या की बदला, नाहीतर त्यातच पाय अडकेल. पाय खिळले की ओढू नका. थांबू दे, एक श्वास घेऊ दे. मग या पायावरून त्या पायावर दोन-तीनदा भार झुलवायचा आणि पट्टी ओलांडून मोठी टांग टाकायची. टाळाचा ठेका तर त्यांच्या अंगातच आहे. तोच मनात धरून पाऊल उचलू दे. तुम्ही शेजारी टाळी द्या, पण तेव्हा दुसरं काही बोलू नका. वळताना जागच्या जागी गिरकी नको, तुळशीला प्रदक्षिणा घालतो तसं ऐसपैस वळायचं.

पाय किती वाजता अडतात आणि गोळी कधी घेतली होती, हे आठवडाभर कॅलेंडरवर लिहा. गोळीचा असर उतरताना हे पुष्कळदा वाढतं. तो कागद मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. मात्रा आपल्या मनानं बदलू नका. फिजिओथेरपिस्टला एकदा घरी बोलावून तो उंबरा दाखवता आला तर फारच बरं.

आणि अंगणातल्या चिऱ्यांवर शेवाळ धरलं असेल तर ते आजच घासून काढा.