हैतीत हॉटेल काढायचं म्हणतोस म्हणून

तू लिहिलंस, "ताई, हैतीच्या माजी पर्यटनमंत्री स्टेफनी विलद्रुएं यांच्याबद्दल वाचलं. त्या हॉटेल-पर्यटनाच्या क्षेत्रातून मंत्री झाल्या. तिकडे जागा घेऊन छोटं हॉटेल काढावं का?" मी नऊ वर्षं शेजारच्या डोमिनिकन रिपब्लिकमध्ये, पुंता कानाच्या एका हॉटेलात फ्रंट ऑफिसला आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

त्या मंत्री झाल्या ऑक्टोबर २०११ मध्ये. जानेवारी २०१० च्या भूकंपात राजधानी पोर्तोप्रँस उद्ध्वस्त झाली होती, प्रसिद्ध हॉटेल मोंताना कोसळलं होतं. अशा देशाला पर्यटनाच्या नकाशावर परत आणायचं काम त्यांनी अंगावर घेतलं. २०१२ मध्ये जास्वंदीच्या फुलाचं नवं बोधचिन्ह आलं, राजधानीलगतच्या पेत्योंव्हिल उपनगरात मोठी हॉटेलं उभी राहिली, २०१५ मध्ये पोर्तोप्रँसमध्ये मॅरियट उघडलं. या जिद्दीचा मला मनापासून आदर आहे.

पण त्यांच्याच काळातली इल-आ-व्हाशची गोष्टही वाच. दक्षिणेकडचं हे मासेमारी-शेतीचं बेट २०१३ च्या सरकारी हुकमानं पर्यटन प्रकल्पासाठी राखून ठेवलं. विमानतळ, रिसॉर्ट असे मोठे बेत होते. तिथं राहणाऱ्यांना नीट विश्वासात घेतलं नाही. जमिनी जातील या भीतीनं लोक रस्त्यावर उतरले. तू तारकर्लीचा. १९९७ पासून सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा आहे, आणि तुमच्या घरची निवास-न्याहारी चालते ती जागा तुमची, माणसं तुमची म्हणून. परक्या देशात जाऊन जमीन घेण्याआधी हे आठव.

आणि आत्ता तर हैतीचा विचारच नको. राष्ट्राध्यक्ष मोईज यांची जुलै २०२१ मध्ये हत्या झाली, तेव्हापासून टोळ्यांचा जोर वाढतच गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये विमानांवर गोळीबार झाल्यावर अमेरिकेनं आपल्या विमानांना पोर्तोप्रँसला जायला बंदी केली. त्याच वर्षी मार्चमध्ये भारत सरकारनं 'ऑपरेशन इंद्रावती'खाली आपल्या माणसांना तिथून काढून इकडे आणलं. उत्तरेला काप-आयसियेनजवळचा सितादेल किल्ला (१९८२ पासून जागतिक वारसा) एकदा बघावाच असा आहे. पण बघणं वेगळं, बापाची पुंजी गुंतवणं वेगळं.

कॅरिबियनमध्येच यायचं असेल तर इकडे ये, पण नोकरी पक्की करून. २०२३ मध्ये इथं क्रूझचे धरून एक कोटीहून अधिक पाहुणे आले, काम भरपूर आहे. मात्र कायद्यानं प्रत्येक कंपनीत ८० टक्के माणसं इथलीच लागतात, त्यामुळे परक्याला जागा मिळते ती खास कौशल्यावर. अमेरिकेचा व्हिसा असला की पर्यटक म्हणून आत येता येतं, कामाचा परवाना वेगळा. "आधी ये, मग बघू" म्हणणाऱ्या एजंटला एक रुपया देऊ नकोस. इथली भाषा स्पॅनिश, ती मालवणातच शिकायला लाग; सहा महिने रोज तासभर दिलास तर मुलाखतीत निभावशील. शिकलास की तुझी माहिती मला पाठव, आमच्याकडे कुणाला घेताहेत का ते विचारून सांगते.