गुरुजींवर सक्ती होईल का? समलिंगी विवाह आणि धर्मस्वातंत्र्य : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पौरोहित्य चालत आलं आहे. उद्या समलिंगी विवाहाला कायद्याने मान्यता मिळाली आणि मी असं लग्न लावायला नकार दिला, तर माझ्यावर खटला होईल का?
– एक पुरोहित, वाई

उत्तर : नाही. ही भीती आमच्याकडे येणाऱ्या पत्रांमध्ये वारंवार दिसते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कायद्याच्या दृष्टीने लग्नात दोन गोष्टी असतात, विधी आणि दर्जा. विधी कोणता आणि तो कोणी लावायचा, हे धर्म आणि रूढी ठरवतात. नवरा-बायको म्हणून वारसा, पोटगी, पेन्शन हे हक्क देणारा दर्जा सरकार देतं. हिंदू विवाह कायद्याचं कलम ७ इतकंच सांगतं, की दोघांपैकी एका पक्षाच्या रूढीप्रमाणे विधी झाला पाहिजे आणि त्यात सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडताच विवाह पूर्ण होतो. अमुक गुरुजींनी अमुक जोडप्याचं लग्न लावलंच पाहिजे, असं त्यात कुठेही नाही. आंतरधर्मीय जोडप्याचं लग्न वैदिक पद्धतीने लावायला तुम्ही आज नकार दिलात तरी त्यासाठी शिक्षा नाही. (अस्पृश्यतेच्या कारणावरून सेवा नाकारणं हा मात्र १९५५च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. त्याची याच्याशी गल्लत करू नका.)

समलिंगी विवाहाला मान्यता मिळावी म्हणून सर्वोच्च न्यायालयात झालेल्या याचिकांचा रोखही विधीकडे नव्हता. १८ एप्रिल २०२३ला घटनापीठासमोर सुनावणी सुरू झाली, तेव्हाच न्यायालयाने सांगितलं की धर्मांच्या व्यक्तिगत कायद्यांना हात लावणार नाही, विचार १९५४च्या विशेष विवाह कायद्यापुरताच होईल. या कायद्याखालच्या लग्नाला भटजी लागत नाहीत, काझी लागत नाहीत, पाद्रीही लागत नाहीत. तीस दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार आणि विवाह अधिकाऱ्यासमोर घोषणा, एवढं झालं की लग्न झालं. १७ ऑक्टोबर २०२३ला पाचही न्यायमूर्तींनी विवाहाचा मूलभूत हक्क नाकारला आणि हा कायदा समलिंगी जोडप्यांनाही लागू होतो असा अर्थ काढता येणार नाही, असं म्हटलं. जोडप्यांच्या नात्याला विवाहाखेरीज काही कायदेशीर मान्यता द्यावी का, या मुद्द्यावर निकाल तीन विरुद्ध दोन असा फुटला आणि बहुमताने नकार दिला. पुनर्विचार याचिकाही जानेवारी २०२५मध्ये फेटाळल्या गेल्या. म्हणजे आता जे व्हायचं ते संसदेत.

संसदेने उद्या कायदा केलाच, तर तुमचं संरक्षण कसं लिहिता येईल याचा नमुना इंग्लंडमध्ये आहे. तिथल्या २०१३च्या कायद्यात चार कुलपं आहेत. कोणत्याही धर्मसंस्थेला किंवा धर्मगुरूला असं लग्न लावायची सक्ती करता येत नाही. संस्थेने स्वतःहून संमती दिल्याशिवाय तिथे असं लग्न लागतच नाही, आणि संस्थेची संमती असली तरी एखाद्या धर्मगुरूला वैयक्तिकरीत्या नकार देता येतो. अशा नकाराला भेदभाव म्हणता येऊ नये म्हणून समानतेच्या कायद्यातही दुरुस्ती केली. चौथं कुलूप चर्च ऑफ इंग्लंडसाठी. विवाह स्त्री-पुरुषांचाच, हा त्याचा स्वतःचा धर्मनियम तसाच राहिला.

यातलं दुसरं कुलूप नीट पाहा. तिथल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाला आणि उदारमतवादी ज्यूंना अशी लग्नं लावायची होती. सरसकट बंदी असती, तर त्यांच्या धर्मस्वातंत्र्यावर घाला आला असता. आपल्याकडच्या चर्चेत ही बाजू जवळपास कोणी मांडतच नाही. तुम्हाला नकार द्यायचं स्वातंत्र्य आहे, तसं राजीखुशीने मंत्र म्हणणाऱ्या दुसऱ्या गुरुजींनाही असलं पाहिजे. घटनेचं कलम २५ दोघांचंही आहे.

प्रश्न : आमच्याकडे चर्चमधल्या लग्नाची नोंद फादरच करतात. मग विधी आणि नोंदणी वेगळी कशी म्हणता?
– एक वाचक, वसई

उत्तर : अगदी नेमक्या जागी बोट ठेवलंत. १८७२च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखाली फादर विधी करतात आणि नोंदवहीही तेच भरतात. धर्मगुरू आणि सरकारचा निबंधक, अशा दोन्ही भूमिका एकाच माणसाकडे येतात. म्हणून भविष्यातल्या कोणत्याही कायद्यात ख्रिस्ती विवाहापुरती सवलत मोघम ठेवून भागणार नाही, ती स्पष्ट शब्दांत लिहावी लागेल. ते अवघड नाही, कारण हाच कायदा बिशपकडून दीक्षा मिळालेल्या धर्मगुरूला आपल्या चर्चच्या नियमांप्रमाणे लग्न लावायला सांगतो. कॅथलिक चर्चची भूमिकाही ठाम आहे. व्हॅटिकनने १८ डिसेंबर २०२३ला समलिंगी जोडप्यांना साधा आशीर्वाद द्यायची मुभा दिली, पण तो विवाहविधीसारखा दिसता कामा नये, अशी अट घालूनच.

गोव्यातल्या वाचकांसाठी थोडक्यात : तिथल्या पोर्तुगीज काळातल्या विवाह कायद्यातही विवाह भिन्नलिंगी व्यक्तींमधलाच आहे. खुद्द पोर्तुगालने मात्र २०१०मध्ये समलिंगी विवाहाला मान्यता दिली.

प्रश्न : माझं मंगल कार्यालय आहे आणि बहिणीचा केकचा व्यवसाय. आम्हाला धर्माच्या कारणावरून असा समारंभ नाकारता येईल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : इथे तुम्ही धर्मगुरू नाही, व्यावसायिक आहात. त्यामुळे नियम बदलतो.

ग्राहक तृतीयपंथी असेल, तर २०१९च्या कायद्याने वस्तू किंवा सेवा नाकारायला थेट मनाई आहे. समलिंगी ग्राहकाबद्दल इतका स्पष्ट कायदा आपल्याकडे नाही. घटनेचं कलम १५(२) मात्र दुकानं, हॉटेलं अशा ठिकाणी लिंगावरून प्रवेश अडवायला मनाई करतं, आणि त्या ‘लिंगा’त लैंगिक कलही येतो, असं २०१८च्या ३७७ कलमाच्या निकालात म्हटलं आहे. आमचं मत सरळ आहे. सगळ्यांना भाड्याने देता ती जागा धर्माचं नाव पुढे करून अडवू नका.

केकचं प्रकरण जास्त नाजूक आहे. उत्तर आयर्लंडमधल्या एका बेकरीकडे ३६ पौंड ५० पेन्सचा केक मागितला होता, त्यावर ‘समलिंगी विवाहाला पाठिंबा द्या’ असा मजकूर हवा होता. बेकरीने नकार दिला. ऑक्टोबर २०१८मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने बेकरीच्या बाजूने निकाल दिला. कारण त्यांचा आक्षेप मजकुराला होता. गिऱ्हाईक कोणीही असतं तरी त्यांनी तो मजकूर लिहिला नसता. गिऱ्हाईक समलिंगी आहे म्हणून साधा केक नाकारला असता, तर निकाल उलटा लागला असता. बहिणीने हाच फरक लक्षात ठेवावा.

समलिंगी जोडप्याला लग्नाचा केक नाकारणाऱ्या अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या बेकरीचा २०१८चा निकाल आपल्याकडे नेहमी चुकीचा सांगितला जातो. बेकर जिंकला तो राज्याच्या आयोगाने त्याच्या श्रद्धेबद्दल आकस दाखवला म्हणून. दुकानदाराला नकाराचा सरसकट हक्क त्या निकालाने दिलेला नाही.

प्रश्न : विवाह अधिकाऱ्याची श्रद्धा आड आली तर?
– एक सरकारी कर्मचारी, लातूर

उत्तर : सरकारी खुर्चीवर बसून श्रद्धेची सबब चालत नाही. २०१५मध्ये अमेरिकेतल्या केंटकी राज्यात किम डेव्हिस या काउंटी क्लार्कने, म्हणजे विवाह परवाने देणाऱ्या अधिकारी बाईंनी, समलिंगी जोडप्यांना परवाने द्यायला नकार दिला. न्यायालयाचा आदेशही तिने मोडला आणि तिला पाच दिवस तुरुंगात काढावे लागले. लंडनच्या एका निबंधक बाईंचा असाच दावा युरोपीय मानवी हक्क न्यायालयातही टिकला नाही.

प्रश्न : मुलाने लंडनमध्ये त्याच्या जोडीदाराशी कायदेशीर लग्न केलं आहे. दिवाळीत दोघं येतील तेव्हा घरी विधी करावा अशी आमची इच्छा आहे. तो गुन्हा ठरेल का? आणि इथे त्यांना कोणते हक्क आहेत?
– एक आई, पुणे

उत्तर : विधी खुशाल करा. अंतरपाट धरा, मंगलाष्टका म्हणा, त्यात गुन्हा काहीही नाही. फक्त त्यातून इथे पती-पत्नीचा दर्जा मिळत नाही, आणि लंडनचा दाखला दाखवूनही इथे तो मिळणार नाही. म्हणून कागद आधी करा.

मृत्युपत्र दोघांनी वेगवेगळं करावं. प्रत्येकावर दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात आणि ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये. नोंदणी सक्तीची नाही, पण करून घ्यावी, कारण नातेवाईक पुढे सहीलाच आव्हान देतात. कुटुंब मुस्लिम असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा : वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापेक्षा जास्त मालमत्ता मृत्युपत्राने देता येत नाही.

बँकेत संयुक्त खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला आडकाठी नाही, हे केंद्राच्या वित्तीय सेवा विभागाने ऑगस्ट २०२४मध्ये कळवलं आहे. शाखेत अडवलं, तर त्या पत्राचा हवाला द्या. पण नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. पैसे त्याच्या हातात पडतील, पण मृत्युपत्र नसेल तर वारसदार ते मागू शकतात. सगळ्यात जास्त घोटाळे इथेच होतात.

फ्लॅट बक्षीसपत्राने द्यायचा विचार असेल तर थांबा. महाराष्ट्रात पती, पत्नी, मुलं यांना राहतं घर बक्षीस देताना मिळणारी २०० रुपयांची मुद्रांक सवलत जोडीदाराला मिळत नाही. शिवाय कायद्याच्या लेखी तो ‘नातेवाईक’ नसल्याने ५० हजारांवरच्या भेटीवर त्याला आयकर लागू शकतो. मृत्युपत्राने मिळालेल्या मालमत्तेवर तो लागत नाही.

दवाखान्यासाठी दोन कागद लागतात. मानसिक आरोग्य कायदा २०१७प्रमाणे कोणत्याही सज्ञान व्यक्तीला मानसिक आजाराच्या उपचारांसाठी साध्या कागदावर सही करून आपला प्रतिनिधी नेमता येतो. जीवरक्षक उपचारांबद्दलचं आगाऊ इच्छापत्र दोन साक्षीदारांसमोर करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यावं, आणि त्यात निर्णय घेणारा म्हणून जोडीदाराचं नाव स्पष्ट लिहावं. एक प्रत तुमच्या फॅमिली डॉक्टरांकडे द्या आणि दोघं लंडनला परतण्याआधी एक तुमच्याकडेही ठेवून घ्या.