सासष्टीचा पदेर आणि फोंड्याची घंटा

प्रश्न : मी फोंडा तालुक्यातली, दोन वर्षं पुण्यात नोकरीला आहे. गोव्याची म्हटलं की पुढचे प्रश्न ठरलेले : रोज बीचवर जाता का, घरी सगळे पितात का, दुपारी दुकानं बंद करून झोपता ना, सुशेगाद! पुढच्या महिन्यात ऑफिसच्या स्नेहसंमेलनात मला दहा मिनिटं बोलायचं आहे. म्हणून याच गैरसमजांवर हसत-हसवत काही लिहिलं. मैत्रिणींना वाचून दाखवलं, तर सगळ्यात मोठा हशा या वाक्याला आला : "दारू-डान्स सगळं तिकडे सासष्टीत, आमच्या फोंड्यात फक्त देवळातल्या घंटा!" आईला फोनवर ऐकवलं, तर ती गप्पच झाली. ताई, माझं काय चुकलं?

उत्तर : बाय, तुझी आई का गप्प झाली ते मला लगेच कळलं. शिक्षणासाठी मुंबईला होस्टेलवर असताना मीही असंच वाक्य बोलले होते. "आम्ही तसले गोवेकर नव्हे." खोलीतल्या मुली हसल्या. माझ्या शेजारच्या खाटेवर मडगावची, म्हणजे सासष्टीतलीच, एक ख्रिस्ती मुलगी बसली होती, ती हसली नाही. माझ्या अंगावरचा शिक्का मी पुसला नव्हता, तिच्या अंगावर मारला होता. ते मला आजही खुपतं. म्हणून सांगते, ते वाक्य काढून टाक, कितीही हशा मिळो.

त्या जागी सासष्टीतला पदेर, म्हणजे पाववाला, आण. तिथल्या माजोर्डा गावच्या लोकांना पाव करायला जेझुइटांनी शिकवलं असं आपल्याकडे सांगतात. यीस्ट नव्हतं तेव्हा पीठ फुगायचं माडाच्या सुरेवर, म्हणजे ताडीवर. म्हणजे ज्या 'दारू'वरून तुला विचारतात, ती फोंड्याच्या सोवळ्यातल्या घरांपर्यंतसुद्धा पोयांतून, म्हणजे आपल्या गोल पावांतून, पोचली असणार! हे तू हसत सांगू शकतेस, आणि इथे कुणाचाच अपमान नाही. पहाटे आपण कुशीवर वळतो तेव्हा पदेराची भट्टी कधीच तापलेली असते. सायकलच्या पों-पोंवर आपल्याकडे घड्याळ लावतात. आता हा माणूस दुपारी झोपला, तर त्याला आळशी कोण म्हणेल?

सुशेगादचंही तसंच. मूळ पोर्तुगीज शब्द सोसेगादु, म्हणजे शांत, निवांत. आमच्या घरी वडील तो शब्द दिवसातून एकदाच वापरत. सावईवेऱ्याला आमचं कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग, आहे. ते पहाटे चारला उठून पाटाचं पाणी फिरवायला जात, सुपारीच्या एकेका झाडाच्या मुळाशी. दुपारी पाय धुऊन पाटावर बसले की म्हणत, "आतां सुशेगाद जेवया." हा शब्द मी तिथे शिकले, चिखल धुतल्यावरचा.

याच घरी एकदा माझ्या भावाचा साताऱ्याचा मित्र आला. बॅगेत पोहण्याचे कपडे, डोक्याला टोपी. पहिल्याच पहाटे वडिलांनी त्याला हलवून उठवलं, "चल रे, पाट फोडायचा आहे." तिसऱ्या दिवशी त्याने भीतभीत विचारलं, "काका, समुद्र कुठे आहे?" वडिलांनी खरंच विचार केला आणि म्हणाले, "बस बदलत गेलास तर अर्धा दिवस मोडेल. त्यापेक्षा माडाला पाणी घाल." मिठाच्या पाण्यात पाय न बुडवता, सोलांची पिशवी घेऊन तो परत गेला. गंमत म्हणजे ही गोष्ट आज तोच सगळ्यांना सांगतो, आमच्यापेक्षा रंगवून. ज्याचा गैरसमज होता त्यालाही हसताना बरं वाटलं पाहिजे. पुण्यातल्या तुझ्या सहकाऱ्यांना अडाणी ठरवलंस, तर ते हसतील आणि मनात अढी धरतील.

आकडे मात्र सांगत बसू नकोस. २०११च्या जनगणनेत गोव्यात हिंदू सुमारे ६६ टक्के आणि ख्रिस्ती २५ टक्के होते, हे खरं. पण स्नेहसंमेलनात टक्केवारी कुणी घरी नेत नाही. शिवाय त्यातूनही 'आम्ही जास्त' असाच सूर निघतो. त्यापेक्षा शिरगावच्या देवळातली लईराई देवी आणि म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्रीस सायबीण या बहिणी मानतात ते सांग. एकीकडून मोगरीची फुलं जातात, दुसरीकडून तेल येतं. घंटा हवीच असेल, तर दोघींकडची वाजव.

परगावी असल्या गोष्टी रंगवून सांगणं गोवेकराला नवं नाही. पहिला तियात्र, म्हणजे आपलं कोकणी संगीत नाटक, १८९२ साली मुंबईतच झाला, घरापासून दूर गेलेल्या गोवेकरांपुढे. त्यांना स्वतःची माणसं रंगमंचावर बघायची होती. तूही तुझ्या वडिलांना, आजीला आण, त्यांच्या तोंडची कोकणी वाक्यं तशीच ठेव. अर्थ कळला नाही तरी सूर कळतो. दहा मिनिटांत दोन माणसं पुरेत.

नवीन लिहून झालं की आधी आईला ऐकव. फोन मात्र दुपारी एक ते साडेतीन या वेळात करू नकोस.