व्हॉट्सॲपवरचा व्हिडिओ किंवा समोरचं अकाउंट खोटं आहे हे ओळखणारं एखादं ॲप आहे का?

भरवसा ठेवावा असं एकही ॲप नाही. जे तसा दावा करतं ते फोनमध्ये टाकू नका. पण प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, 'गावाकडचे अडाणी लोक काहीही पुढे ढकलतात, त्यांना कसं समजवायचं?' त्या 'अडाणी' शब्दासाठी हे उत्तर लिहितोय.

1 जुलै 2018, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याचा आठवडे बाजार. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे उतरले. मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडलं आणि जिवे मारलं. मुलं पळवणाऱ्यांच्या अफवा त्याआधीपासून मोबाइलवर फिरत होत्या. त्या वर्षी अशा अफवांसोबत देशभर जो व्हिडिओ गाजला, त्यात मोटारसायकलवरून दोघे येतात, गल्लीत खेळणाऱ्या पोरांतलं एक उचलतात आणि पसार होतात. तो कराचीचा, मुलांच्या सुरक्षेसाठी केलेल्या जनजागृतीच्या फिल्मचा तुकडा होता. मूळ फिल्ममध्ये तेच दोघे गाडी वळवून परत येतात, मुलाला खाली उतरवतात आणि हातातला फलक कॅमेऱ्यासमोर धरतात. हा शेवट कुणीतरी कापून टाकला. कापायला एडिटिंग यावं लागतं, खाली 'आपल्या भागात टोळी आली आहे' असं टाइप करायला लिहिता यावं लागतं. यातलं कुठलं काम अडाणी माणसाचं आहे?

आता तपासायचं कसं. व्हिडिओ थांबवा आणि एकच नाही, चार-पाच वेगवेगळ्या फ्रेमचे स्क्रीनशॉट घ्या. चेहऱ्यापेक्षा मागचा रस्ता, दुकानाची पाटी, गाडीचा नंबर दिसेल अशी रुंद फ्रेम जास्त कामाची. वरची बॅटरी-घड्याळाची पट्टी आणि व्हिडिओवर चिकटवलेला मजकूर कापून मगच फोटोवरून शोध घेणाऱ्या गूगल लेन्सला द्या. इथेच बहुतेकांचं चुकतं. मजकुरासकट फोटो दिला की लेन्स तो मजकूरच वाचत बसतं. 'तशाच दिसणाऱ्या' फोटोंवर जाऊ नका, हुबेहूब जुळणारे बघा आणि त्यातला सगळ्यात जुना शोधा. टिनआय या फोटो शोधायच्या वेबसाइटवर जुन्यापासून क्रम लावता येतो. काहीच सापडलं नाही तर फोटो आरशातल्यासारखा उलटा करून पुन्हा टाका, कारण पकडले जाऊ नये म्हणून व्हिडिओ उलटा करून टाकतात. फोटोच्या फाइलमधली तारीख किंवा जागा शोधायच्या फंदात पडू नका. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की ती माहिती गळून जाते.

निव्वळ मजकूर असेल तर त्यातली सात-आठ सलग शब्दांची ओळ अवतरण चिन्हांत घालून शोधा. ओळ अशी निवडा की तीत शुद्धलेखनाची चूक असेल. 'सर्वाना कळवीण्यात येते' हे जसंच्या तसं तीन जिल्ह्यांच्या नावाने सापडलं, तर मजकूर एकच आहे आणि गावाचं नाव तेवढं बदललंय. 'आज सकाळी' आहे पण तारीख नाही, 'आपल्या भागात' आहे पण गाव नाही, असा मेसेज कधीच शिळा होत नाही, म्हणून तो वर्षानुवर्षं चालतो.

दोन बाणांची खूण म्हणजे मेसेज किमान पाच हात फिरून आलाय. 2020 पासून असा मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. पण मजकूर कॉपी करून चिकटवला किंवा व्हिडिओ उतरवून नव्याने चढवला की खूण जाते. त्यामुळे बाण नाही म्हणजे ताजा आहे असं समजू नका.

'जसं आलं तसं' लिहून हात झटकणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे. त्यांना वाटतं हे लिहिलं की जबाबदारी संपली. भारतीय न्याय संहितेच्या कलम 353 मध्ये खोटी माहिती वा अफवा तयार करणाऱ्याबरोबर ती पसरवणाराही आहे. त्यासाठी वाईट परिणाम घडवण्याचा हेतू किंवा तसा परिणाम होण्याची शक्यता असावी लागते, आणि खरं मानायला रास्त कारण असेल, मनात वाईट नसेल तर सूटही आहे. पण ग्रुपवर आलं हे रास्त कारण होऊ शकत नाही, असं माझं ठाम मत आहे. मेसेज टाकणाऱ्याला ग्रुपवरच विचारा, 'हे तुला कुणी पाठवलं, त्याने स्वतः बघितलं का?' काकांना चारचौघांत वाईट वाटेल असं वाटलं, तर फोन करून विचारा, पण विचारा.

आता अकाउंटचं. फेसबुक पेज असेल तर 'पेज ट्रान्सपरन्सी' उघडा. पेज कधी सुरू झालं, नाव किती वेळा बदललं आणि चालवणारे कुठल्या देशात आहेत, ते बहुतेक वेळा तिथे दिसतं. काल देवाच्या नावाने सुप्रभात टाकणारं पेज निवडणुकीच्या तोंडावर राजकीय झालं असेल तर तिथे कळतं. ट्विटरच्या (आताच्या एक्सच्या) निळ्या खुणेवर विसंबू नका, ती 2022 पासून पैसे देऊन मिळते.

फेसबुकवर तुमच्याच नावाने दुसरं अकाउंट काढून कुणी पैसे मागत असेल तर पासवर्ड बदलून काही होत नाही, कारण काहीही हॅक झालेलं नसतं. तुमचा फोटो आणि मित्रयादी उघडी होती, ती त्याने उचलली. मित्रयादी 'ओन्ली मी' करा, मग पुढच्या वेळी पैसे मागायला माणसं सहज मिळत नाहीत. तो बहुतेक वेळा आधी तुम्हालाच ब्लॉक करतो, म्हणून ते अकाउंट तुम्हाला दिसत नाही. मित्राकडून त्याची लिंक मागवा. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही, नाव तो बदलू शकतो. मित्रांना त्या बनावट प्रोफाइलवर जाऊनच रिपोर्ट करायला सांगा. घाईघाईत कितीतरी जण खऱ्या अकाउंटलाच रिपोर्ट करून बसतात. पैसे गेले असतील तर आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, बाकीचं मागाहून.

एक राहिलं. फोटोच्या जागी गुलाब किंवा गणपती, नावापुढे आकडे, पोस्ट एकही नाही, एवढ्यावरून अकाउंट खोटं ठरवू नका. कितीतरी बायका चेहरा मुद्दाम लावत नाहीत. अशा अकाउंटवर 'फेक आयडी' म्हणून तुटून पडण्याआधी ते काय लिहितं आणि कुणाला लिहितं, ते वाचा.