विभागात टीईएम नाही, बाहेरच्या गटाशी कोलॅबोरेशन करावं का?

तुम्ही विचारलंय की मोठ्या संस्थेतला एक गट तुमचे नॅनोचे नमुने टीईएमवर (अतिसूक्ष्म रचना दाखवणाऱ्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर) मोजून द्यायला तयार आहे, तर कोलॅबोरेशन करावं का आणि पेपरवर नावं कशी लावावीत. करा. पण पहिला नमुना पाठवण्याआधी पहिलं नाव कुणाचं, करस्पॉन्डिंग (पेपरबद्दल पत्रव्यवहार करणारा मुख्य लेखक) कोण, हे मेलवर ठरवून घ्या. गाईडना संकोच वाटत असेल तर मेल तुम्ही लिहून द्या.

माझी पीएचडी अशाच, टीईएम नसलेल्या एका विद्यापीठातली. एफटीओ काचेवर (वीज वाहून नेणारा थर दिलेल्या काचेवर) झिंक ऑक्साइडचे नॅनोरॉड, म्हणजे अतिसूक्ष्म दांड्या, वाढवायचे: आधी झिंक ॲसिटेटचा सीड लेयर (रॉड ज्यावर उगवतात तो पातळ थर), मग झिंक नायट्रेट आणि हेक्सामाइनच्या द्रावणात ९० अंशांवर काही तास. पेपरात हे दोन ओळींत मावतं. प्रत्यक्षात पावसाळ्यात दमट हवेमुळे सीड लेयर धुरकट यायचा आणि त्यावरचे रॉड वेडेवाकडे वाढायचे. काच द्रावणात पालथी, तिरकी ठेवली तर खाली बसणारा गाळ फिल्मवर पडत नाही, हेही करून करूनच कळलं. शेवटी एक्सआरडीत (क्ष-किरणांनी स्फटिकरचना तपासण्याच्या चाचणीत) ००२ या स्फटिक-प्रतलाचा पीक उंच आणि बाकीचे जेमतेम दिसले, म्हणजे रॉड सरळ उभे, तेव्हा सरांनी तो ग्राफ प्रिंट काढून लॅबच्या भिंतीवर चिकटवला.

ते नमुने आम्ही एका नावाजलेल्या प्रयोगशाळेला दिले. त्यांनी फिल्म खरवडून इथेनॉलमध्ये सोनिकेट केली (ध्वनिलहरींनी सुटी केली), थेंब टीईएमच्या ग्रिडवर (बारीक जाळीवर) टाकला, इमेज काढल्या. इमेज उत्तम होत्या, त्यात वाद नाही. पेपर आला तेव्हा पहिलं नाव तिथल्या विद्यार्थ्याचं, माझं चौथं. सरांनी फोन केला तर उत्तर मिळालं, "सिंथेसिस काय, कुणीही करतं." पुढे त्याच विद्यार्थ्याचा मला मेल आला: रॉड आडवे पडतायत, काय करू?

मशीन ज्याच्याकडे, संशोधन त्याचं, हे मला आजही मान्य नाही. २००७ मध्ये केंद्र सरकारच्या नॅनो मिशनला (नॅनो संशोधनाच्या योजनेला) पाच वर्षांसाठी १,००० कोटी मंजूर झाले, तो सगळ्यांचा पैसा होता.

नुसतं मोजमाप हवं असेल तर कोलॅबोरेशनची गरजच नाही. आयआयटी मुंबईच्या सैफमध्ये (बाहेरच्यांनाही उपकरणं वापरता येणाऱ्या केंद्रात) फी भरून टीईएम होतं. डिव्हाइस बनवायचं असेल तर आयएनयूपी (इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स युजर्स प्रोग्राम) आहे. २००८ पासून आयआयटी मुंबई आणि बंगळूरच्या आयआयएससीच्या सुविधा त्यातून बाहेरच्या संशोधकांना वापरता येऊ लागल्या. रांग असते, सबमिशनच्या तोंडावर जाऊ नका.

हां, समोरच्याने लॅटिस फ्रिंज (टीईएममध्ये दिसणाऱ्या अणूंच्या थरांच्या रेषा) मोजून वाढीची दिशा दाखवली, दोषांचा अर्थ लावला, तर त्याचं नाव हक्काने वर जातं. सगळे गट वाईट नसतात. पण नेमका पीएच आणि तापमानं लिहिलेली वही कुणी मागितली, तर मसुदा वाचायला मिळाल्याशिवाय देऊ नका. थीसिस तुमचा आहे. व्हायव्हाला त्या नमुन्यांवरचे प्रश्न तुम्हालाच येणार.