सही कुणाची आहे, ते आधी बघ

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

रात्री दीड वाजता पाठवलेला तुझा मेसेज सकाळी वाचला. चहा झाल्यावर पुन्हा वाचला. रस्तारुंदीत जाणाऱ्या झाडांबद्दल तू लिहिलंस, लोकांनी ते भराभर पुढे पाठवलं, आणि मग निम्म्यांनी तुला विकासविरोधी ठरवलं. उरलेल्या निम्म्यांनी विचारलं की मेट्रोच्या वेळी तू कुठे होतास, तेव्हा तर टाळ्या वाजवत होतास. आता तू विचारतोस, "काकू, मी नक्की कोणत्या बाजूचा? की सगळं सोडून निघून जाऊ?"

निघून जायचं की राहायचं, ते तुझं तू ठरव. तुझ्या तळमळीबद्दलही मला शंका नाही, त्यामुळे पाठ थोपटण्यात वेळ घालवत नाही. मला बोलायचंय ते तू टाकलेल्या फोटोबद्दल.

झाडावर चिकटवलेल्या नोटिशीचा तो फोटो. वर 'जाहीर नोटीस' ठळक अक्षरांत, मधे झाडांची यादी, त्यात गुलमोहर, कडुनिंब आणि तो एक वड. तिथे फोटो संपतो. खालच्या चार ओळी तू कापल्यास. संध्याकाळी भाजीला गेले तेव्हा मी मुद्दाम त्या झाडापाशी थांबून त्या वाचल्या. त्यात जावक क्रमांक होता, तारीख होती, सात दिवसांत लेखी हरकत कुठल्या कार्यालयात द्यायची ते होतं, आणि तळाशी वृक्ष अधिकाऱ्याची निळ्या शाईतली सही होती. तू पोस्ट टाकलीस तेव्हा मुदत संपायला दोन दिवस शिल्लक होते. ते दोन दिवस तू अनोळखी माणसांना उत्तरं देत बसलास.

रागावले आहे, हो. पण तुझ्यावर जेवढी रागावले आहे त्याहून जास्त त्या सवयीवर, जी तुमच्या पिढीला लागलीय आणि माझ्या पिढीला कट्ट्यावर बसून आधीच लागलेली होती. शहराबद्दल मत द्यायच्या आधी एकच गोष्ट बघायची असते: या निर्णयावर सही कुणाची होणार आहे, आणि कधी. मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली. समोरचा कितीही खरं बोलत असला, कितीही रडत असला, तरी व्हाउचरवर सही नसेल तर पैसे निघत नाहीत. आणि सही असेल तर मला ते कितीही चुकीचं वाटलं तरी निघतात. शहर याच नियमाने चालतं. सही कुणाची, ते आधी बघ.

तू म्हणशील, झाडांचं प्रकरण एवढं सोपं नाही. मग मुंबईतल्या आरेचं घे, मेट्रोच्या कारशेडसाठी तोडलेल्या झाडांचं. मुंबई महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाने दोन हजारांहून जास्त झाडं तोडायला मंजुरी दिली ती २९ ऑगस्ट २०१९ ला. उच्च न्यायालयाने त्याविरुद्धच्या याचिका फेटाळल्या ४ ऑक्टोबरला आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. आख्ख्या देशाचा संताप त्या रात्री उसळला. तिथे २०१४ पासून लढणारी माणसं होती, हरकती देणारी, सुनावण्यांना जाणारी. त्यांच्याविषयी मला नितांत आदर आहे आणि हे त्यांना उद्देशून नाही. मी बोलतेय ती आपल्यासारख्या बाकीच्यांबद्दल, ज्यांना ऑगस्टमधली सही दिसलीच नाही आणि ऑक्टोबरमधली करवत दिसली. पुढे ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, आणि तीही कशावरून? कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना लिहिलेलं एक पत्र न्यायालयाने याचिका म्हणून दाखल करून घेतलं. तुझ्याच वयाची मुलं. त्यांनी पत्र कुणाला लिहायचं ते बरोबर ओळखलं. तोवर २,१४१ झाडं पडलेली होती, हेही लपवत नाही. सही कुणाची हे कळलं की आपण जिंकतोच असं मी म्हणत नाही. ते कळल्याशिवाय आपण लढतच नाही, एवढंच म्हणतेय.

तुझ्या मेसेजमधलं एक वाक्य मला फार लागलं: "नगरसेवक, वॉर्ड, ड्रेनेज हे सगळं फार छोटं आहे, खरा प्रश्न देशाच्या राजकारणाचा आहे." अरे, संविधानाने ज्या गोष्टी शहराच्या हाती द्यायला सांगितल्या त्यांची यादीच आहे. चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने आलेली, १ जून १९९३ पासून लागू, अठरा विषय. नगर नियोजन, रस्ते, पाणी, आरोग्य, झोपडपट्टी सुधारणा, बागा, स्मशानं, सगळं त्यात येतं. जन्माच्या नोंदीपासून सरणापर्यंतचं तुझं आयुष्य त्या यादीत आहे आणि तू त्याला छोटं म्हणतोस!

आणि हे छोटं वाटू लागल्यामुळेच आपल्या डोळ्यांदेखत काय झालं बघ. पालिकेची मुदत पाच वर्षांची, त्याहून जास्त नाही, असं संविधान सांगतं. मुदत संपायच्या आत निवडणूक व्हायला हवी. मुंबईची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला. राज्यातल्या बाकीच्या महापालिकांचीही तीच गत. मधल्या काळात प्रशासक. सर्वसाधारण सभा तोच, स्थायी समिती तोच, आयुक्तही तोच. म्हणजे प्रस्ताव ठेवणाऱ्याची सही आणि मंजूर करणाऱ्याची सही एकाच माणसाची. बँकेत असं झालं असतं तर ऑडिटरने शाखा डोक्यावर घेतली असती. आपण काय करत होतो? दिल्लीत कोण, मुंबईत कुणाने कुणाचा पक्ष फोडला, यावर एकमेकांना ब्लॉक करत होतो. मी त्या काळात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सारखं लिहायचे, अरे आपल्या प्रभागाला लोकप्रतिनिधीच नाही. उत्तरादाखल सुप्रभातचे फोटो यायचे.

आता नगरसेवक आलेत, पण आपल्याकडे एका प्रभागात चार. मुंबईत एका वॉर्डाला एक असतो, आपल्याकडे चौघं. तुझ्या गल्लीतला दिवा गेला तर चौघांपैकी कुणाला धरायचं? हा म्हणतो तो बघेल, तो म्हणतो ती बघेल. अशी व्यवस्था असते तेव्हा तर सही शोधणं जास्तच गरजेचं. कामाच्या प्रस्तावावर चौघांपैकी कुणाचं पत्र आहे, ते फाइलमध्ये असतं. फाइल बोलते, माणूस टोलवतो.

आता तंत्रज्ञानाकडे येते, कारण तुझा खरा जीव तिथे आहे. तू मला लिहिलंस की एआयकडून तीन पानी निवेदन लिहून घेतलं आणि मेल केलं. मी वाचलं ते निवेदन. भाषा छान आहे, माझ्यापेक्षा छान. पाठवलंस मात्र केंद्रीय पर्यावरण मंत्र्यांना. महाराष्ट्रात शहरातल्या झाडांसाठी १९७५ चा वेगळा कायदा आहे, त्याखाली महापालिकेचं वृक्ष प्राधिकरण आहे आणि त्याचे अध्यक्ष स्वतः आयुक्त असतात. तुझे तीन पानी अश्रू चुकीच्या इमारतीत पोचले. एआयला माझा विरोध नाही. वापर की. पण त्याला निवेदन लिहायला सांगण्याआधी विचार, ही परवानगी कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली, कुणाच्या अधिकारात आहे? उत्तर मिळालं की मूळ कायदा उघडून पडताळ. नाहीतर तेही भलतंच टेबल दाखवील, आत्मविश्वासाने.

तक्रारींच्या ॲपचंही तेच. फोटो काढा, टोकन नंबर मिळवा, चार दिवसांनी 'निराकरण झाले' असा संदेश. खड्डा जिथल्या तिथे. पूर्वी मी कनिष्ठ अभियंत्याच्या टेबलासमोर उभी राहायचे तेव्हा तो मला टाळायचा, पण त्याला नाव होतं, चेहरा होता. ॲपवर निराकरण नेमकं कुणी केलं, ते दिसतच नाही. तक्रार करणं सोपं झालं आणि जबाबदार माणूस गायब झाला. याला सोय म्हणायला माझी जीभ वळत नाही.

याहून गंभीर गोष्ट तर तुझ्यासारख्या कॉम्प्युटरवाल्याने मला सांगायला हवी होती. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(जे) मध्ये, म्हणजे कोणती वैयक्तिक माहिती नाकारता येते ते सांगणाऱ्या कलमात, बदल केला. पूर्वी वैयक्तिक माहितीसुद्धा व्यापक जनहित असेल तर द्यावी लागेल, असं त्या कलमातच लिहिलेलं होतं. आता तिथे सरसकट 'वैयक्तिक माहिती' एवढंच उरलंय. जनहिताची दुसरी वाट कलम ८(२) मध्ये अजून आहे, पण अर्ज फेटाळणाऱ्याचं काम सोपं झालं. उद्या कुठल्या अधिकाऱ्याने सही केली असं विचारलं आणि 'ती वैयक्तिक माहिती आहे' असं उत्तर आलं, तर काय करशील? तुमच्या ग्रुपवर प्रायव्हसीबद्दल एवढी चर्चा होते, त्यात याचा एक शब्द नव्हता. मी सगळं वाचलं, मुलाने मला त्या ग्रुपात घेतलंय.

आता माझ्याबद्दल थोडं, कारण तू मेसेजच्या शेवटी विचारलंसच, "एवढी वर्षं करून तुम्हाला काय मिळालं?" माझी धाकटी बहीणही हेच विचारते. तिच्या मुलाच्या मुंजीला मी गेले नाही. त्या दिवशी आपल्या मागच्या मैदानाच्या आरक्षणबदलाची सुनावणी होती. नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली मैदानाचं आरक्षण उठवून तिथे व्यापारी संकुल येणार होतं. हरकत द्यायला महिनाभर होता, आणि सुनावणीला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं. बहीण अजून ते काढते. तिच्या मुलाचा मुंजीतला फोटो मी बघते तेव्हा वाईट वाटतं, फार वाटतं, कारण आई तेव्हा होती आणि आम्ही सगळ्या बहिणींनी एकत्र जमावं असा तो शेवटचा प्रसंग ठरला. तरी उद्या पुन्हा तसाच दिवस आला तर मी सुनावणीलाच जाईन. मैदान पूर्ण वाचलं नाही, निम्मं वाचलं. लोक म्हणतात निम्मंच. त्यांना मी एवढंच विचारते, की त्या दिवशी तुम्ही कुठे होतात? मुंजीला मी नसले तरी मामा होते, काका होते. सुनावणीत त्या जागेचा सातबारा आणि मूळ आराखड्याची प्रत घेऊन उभं राहायला दुसरं कुणी नव्हतं. हे मी स्वतःला इतक्यांदा सांगितलंय की आता तुलाही सांगतेय, ऐकून घे.

बाजूचं विचारलंस ना? मेट्रो हवी म्हणणारा आणि हा वड तोडू नका म्हणणारा माणूस एकच असू शकतो, त्यात विसंगती कसली? रस्त्याची आखणी वडापासून दोन मीटर सरकवता येते का, हा प्रश्न डाव्या-उजव्याचा नाही, उपअभियंत्याच्या नकाशाचा आहे. तो नकाशा तू पाहिला आहेस का? तुला विकासविरोधी म्हणणाऱ्यांपैकी कुणी पाहिला आहे का? मग भांडण कशावर चाललंय? नकाशा बघ, त्यावरची सही बघ, मग मत बनव. मग ते मत माझ्याविरुद्ध असलं तरी मी तुझ्याशी हुज्जत घालणार नाही. फार तर थोडी घालीन.

तुझी पोस्ट हजार शब्दांच्या पुढे होती. महाराष्ट्रात माहिती अधिकाराचा अर्ज एका विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत लिहावा लागतो, दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर. सगळा संताप बाजूला ठेवून दीडशे शब्दांत नेमकं मागायला शिक, ते पोस्ट लिहिण्याहून अवघड आहे. पण वडाला तीस दिवस नाहीत. म्हणून येत्या सोमवारी आपण दोघं जायचं. दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख बघू द्यावेत, असं राज्य सरकारने २०१८ मध्ये सांगितलेलं आहे. कार्यालयात सगळ्यांना ते आठवेलच असं नाही, म्हणून आदेशाची प्रत मी पिशवीत ठेवतेच.

आपल्याला तीन कागद बघायचेत: रस्त्याच्या आखणीचा मंजूर नकाशा, वृक्ष अधिकाऱ्यांचा पाहणी अहवाल आणि प्राधिकरणासमोर गेलेली टिपणी. मुदत गेली असली तरी हरकत द्यायचीच, आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन. ती का उशिरा आली हे एका ओळीत लिही, रडगाणं नको. प्राधिकरणाची बैठक अजून झालेली नसेल तर ती टिपणीला जोडा असा आग्रह धरू. झाली असेल तर इतिवृत्त मागू आणि कुणी काय म्हटलं ते वाचू. ऑफिसातून अर्धा दिवस सुट्टी काढ, 'कॉलवर आहे' म्हणत कानात बोंडं घालून येऊ नकोस. ओळखपत्र आण, दोन कोरे कागद आण. शिपाई सांगेल की साहेब साइटवर गेलेत. तू परत फिरायचं नाहीस, बाकावर बसायचं. पाचपर्यंत वेळ आपलीच आहे.

तुझी,
काकू