माजी सैनिक असलेले माझे वडील वृद्धाश्रमात दोनदा पडले. त्यांना रात्री खाटेला बांधून ठेवावं का?

नाही, बांधू देऊ नका. सही मागितली असेल तर देऊ नका, आणि हे आश्रमाला आजच कळवा.

तुम्ही लिहिलंय की बाबा 82 वर्षांचे आहेत, सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि आई गेल्यापासून गोव्यात फोंड्याजवळच्या वृद्धाश्रमात राहतात. पाऊस सुरू झाल्यापासून दोनदा पडले. एकदा पहाटे संडासला जाताना, एकदा दुपारी जेवून खुर्चीवरून उठताना. दोन्ही वेळा हाड वाचलं. आता आश्रमवाले म्हणतात, रात्री कमरेला पट्टा बांधू आणि खाटेला दोन्हीकडून कठडे लावू. मी फिजिओथेरपिस्ट आहे. फोंडा आणि तिसवाडीतल्या वृद्धाश्रमांत जाते, आणि तिथे निवृत्त फौजी बरेच भेटतात. म्हणून सविस्तर लिहिते.

कठडा लावला तरी लघवीला जायची निकड थांबत नाही. माणूस कठड्यावरून पाय टाकून उतरायला बघतो आणि मग खाटेच्या उंचीवरून नव्हे, कठड्याच्या उंचीवरून पडतो. पट्टा त्याहून वाईट. पट्ट्यात किंवा कठड्याच्या फटीत अडकून माणसं दगावलेली आहेत. बांधलेल्या माणसाच्या मांड्या काही दिवसांतच बारीक होतात, पाठीला जखमा होतात, रात्रीचा गोंधळ वाढतो, आणि सोडल्यावर तो आधीपेक्षा जास्त पडतो. अमेरिकेने तर 1987 मध्ये कायदाच केला की शुश्रूषागृहातल्या माणसाला कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी बांधता येणार नाही. आश्रमवाले वाईट आहेत असं मी म्हणत नाही. रात्रपाळीला एकच बाई असते, तिलाही भीती वाटते. पण त्या भीतीवर पट्टा हे उत्तर नाही.

आता बाबांच्या दोन पडण्यांकडे नीट बघा. दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे: बसलेला किंवा झोपलेला माणूस उठला आणि पडला. मला पहिला संशय रक्तदाबाचा येतो. उठल्याबरोबर रक्त पायांकडे उतरतं. तरुण शरीर ते लगेच सावरतं, म्हाताऱ्या शरीराला वेळ लागतो. जेवणानंतर रक्त पोटाकडे वळतं, त्यामुळे हुमण-भात भरपेट जेवून लगेच उठलेल्या माणसाचं बीपी आणखी खाली येऊ शकतं. हे तपासायला मोठं यंत्र लागत नाही. बाबांना पाच मिनिटं आडवं झोपवून बीपी घ्या, मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा घ्या, शेजारी एक माणूस आधाराला ठेवून. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला तर कारण बरंचसं सापडलं. आश्रमात बीपी बहुतेक वेळा बसवूनच घेतात, म्हणून वहीत सगळं नॉर्मल दिसतं.

त्यानंतर गोळ्यांचा डबा. ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या पॉलिक्लिनिकमधून एक औषध मिळतं, बाहेरचा डॉक्टर दुसरं लिहून देतो, आणि कधीकधी दोन वेगळ्या नावांच्या पट्ट्यांत एकच औषध असतं. सगळ्या पट्ट्या एका पिशवीत घाला आणि एकाच डॉक्टरसमोर रिकाम्या करा. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन किंवा प्राझोसिन चालू आहे का ते मुद्दाम विचारा, कारण या गोळ्या उठताना बीपी पाडतात. प्राझोसिन बीपीसाठी देतात, प्रोस्टेटसाठी देतात आणि लढाईची वाईट स्वप्नं पडणाऱ्या सैनिकांनाही देतात, त्यामुळे ते कुठल्याही डॉक्टरच्या चिठ्ठीत असू शकतं. झोपेच्या गोळ्यांबद्दलही विचारा. संध्याकाळी कॅन्टीनची रम आणि रात्री झोपेची गोळी अशी जोडी असेल तर ती डॉक्टरपासून लपवू नका. स्वतःहून मात्र एकही गोळी बंद करू नका. वेळ बदलणं, डोस कमी करणं हे डॉक्टरचं काम.

फौजी माणसाच्या बाबतीत मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे: तो घंटी वाजवत नाही. उशाशी घंटी असते, हाताला लागते, तरी नाही. मी एका निवृत्त हवालदारांना विचारलं तर म्हणाले, ‘त्या पोरीला एवढ्यासाठी कशाला उठवू?’ आयुष्यभर दुसऱ्यांना सांभाळलेल्या माणसाला लघवीसाठी हाक मारणं जड जातं. ‘बाबा, घंटी वाजवा हां’ असं शंभरदा सांगूनही हे बदलत नाही. म्हणून मागण्याचं काम त्यांच्याकडून काढून घ्या आणि वेळ ठरवा. झोपायच्या आधी एकदा, मध्यरात्रीनंतर एकदा, आणि ज्या वेळी ते पडले त्याच्या अर्धा तास आधी एकदा, कर्मचाऱ्याने स्वतः जाऊन ‘सुभेदारसाहेब, चला’ म्हणायचं. वेळापत्रक भिंतीवर लावा. ठरलेल्या वेळेची ड्युटी फौजी माणूस मोडत नाही, मदत घेतल्याचा कमीपणाही वाटत नाही. शिवाय खाटेजवळ लघवीचं भांडं ठेवा. ते वापरायला लाजत असतील तर मध्ये पडदा लावायला सांगा. संध्याकाळनंतर चहा-पाणी थोडं कमी चालेल, दिवसभर मात्र पाणी भरपूर हवं. पडण्याच्या भीतीने पाणीच तोडलं तर बीपी आणखी घसरतं.

कान तपासून घ्या. तोफा आणि बंदुकांच्या आवाजात नोकरी केलेल्यांचे कान लवकर जातात, आणि कमी ऐकू येणारी माणसं जास्त पडतात. ईसीएचएसमधून श्रवणयंत्र मिळतं. डोळ्यांचंही पाहा. मोतीबिंदू असेल तर शस्त्रक्रिया लांबवू नका, आणि दूरचं-जवळचं एकत्र असलेला चष्मा लावून पायऱ्या उतरू देऊ नका, खालची पायरी त्यात अस्पष्ट दिसते.

गोव्याच्या पावसात खोलीची गोष्ट वेगळीच असते. फरशी पुसली की तासभर सुकत नाही, व्हरांड्यात झड येते, चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, आणि नेमकी रात्री वीज जाते. आश्रमाला सांगा की सकाळी सगळे चहाला उठतात त्या वेळी फरशी पुसू नका, नंतर पुसा. खाटेपासून संडासापर्यंत चार्जिंगचे छोटे दिवे लावा, वीज गेली की आपोआप पेटणारे. संडासात आणि न्हाणीत भिंतीला पक्का दांडा हवा. टॉवेलची दांडी माणसाचं वजन पेलत नाही, आणि तोल गेलेला माणूस तीच धरतो. दार बाहेर उघडणारं असावं आणि कडी बाहेरूनही निघणारी असावी. आत उघडणाऱ्या दारामागे माणूस पडला तर दार ढकलताच येत नाही, हे मी पाहिलेलं आहे. खाटेची उंची अशी हवी की काठावर बसल्यावर पावलं पूर्ण टेकतील. लुंगी घोट्याच्या वर. सपाता नकोत, मागून बंद असलेली, रबरी तळाची चप्पल हवी. पायपुसणं सरकत असेल तर काढून टाका.

आणि चालणं बंद करू नका. मुलं प्रेमाने म्हणतात, ‘बाबा, आता बसूनच राहा.’ त्याने पाय जातात. घरच्या घरी एक चाचणी करता येते. खुर्चीवरून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. मोबाइलवर वेळ लावा. 12 सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं धरतात. वळताना विशेष बघा. जुने फौजी कवायतीतल्या ‘पीछे मुड’सारखे एका टाचेवर गरकन वळतात, आणि तिथेच तोल जातो. छोटी छोटी पावलं टाकत वळायला शिकवा. व्यायामाला नवीन नाव देऊ नका, कदमताल म्हणा. खिडकीचे गज धरून जागच्या जागी गुडघे उचलायचे, मग टाचा वर-खाली, मग खुर्चीवरून हात न टेकता उठायचं-बसायचं. सुरुवातीला शेजारी कुणीतरी हवं. ‘दहा मिनिटं कदमताल’ म्हटल्यावर माझ्याकडचे आजोबा माझ्या आधी तयार असतात. उठायच्या आधी खाटेवर बसूनच घोटे दहा-वीस वेळा हलवायचे, मग उभं राहायचं, आणि उभं राहून दहा आकडे मोजल्यावरच पहिलं पाऊल. जेवणानंतर तासभर तरी उठायची घाई नको, आणि दुपारचं जेवण एकदम भरपेट घेण्यापेक्षा दोनदा थोडं थोडं बरं.

अमेरिकेत माजी सैनिकांसाठी सरकारने चालवलेली शंभराहून जास्त शुश्रूषागृहं आहेत. तिथल्या पद्धतीतली एक गोष्ट आपल्याकडे एक पैसाही न खर्चता करता येईल. कुणी पडलं की ड्युटीवरची माणसं लगेच तिथेच जमतात आणि त्या माणसालाही विचारतात: काय करायला निघाला होतात? आज रोजच्यापेक्षा वेगळं काय होतं? पायात काय होतं, दिवा होता का, शेवटची गोळी कधी घेतली? मग त्यावरून पुढच्या रात्रीची व्यवस्था बदलतात. आश्रमाच्या वहीत नुसतं ‘पडले, जखम नाही’ लिहिलेलं असतं. त्यातून काहीच कळत नाही. वेळ, जागा आणि कारण असे तीन रकाने आखून द्या.

पुन्हा पडलेच तर काखेत हात घालून लगेच उठवू देऊ नका. आधी विचारपूस. जांघेत दुखत असेल, एक पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसत असेल तर हलवायचं नाही, 108 लावायचा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल आणि डोकं आपटलं असेल, तर बाबा ‘काही नाही झालं’ म्हणाले तरी बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात न्यायचंच. आत हळूहळू साचणारं रक्त सुरुवातीला दिसत नाही, आणि फौजी माणूस ‘काही नाही झालं’ हेच म्हणणार.

आडव्याचे आणि उभ्याचे बीपीचे आकडे मिळाले की गोळ्यांच्या नावांसह इथे खाली लिहा, मी बघते. शनिवारी आश्रमात जाणार आहात म्हणालात, तेव्हा रात्रपाळीच्या बाईंनाही भेटा, आणि वेळापत्रक त्यांच्यासोबत बसूनच ठरवा.